अर्धी गोळी

“तिनं कबूल केलंय,” टेबलावर ठेवलेल्या फोनमधून मेट्रनबाई म्हणाल्या, आणि सॉफ्टवेअर कंपनीच्या त्या खोलीत बसलेल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

मॅडमनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. कोपऱ्यातल्या दोन पोरांनी एकमेकांकडे बघून भुवया उडवल्या. हिरवेकाकांनी मान डोलावली. फोनवरच्या बाईंना ती दिसणार नव्हती, पण एवढी वर्षं मीटिंगा करून काकांच्या मानेला तसं वळणच पडलं होतं.

“काय म्हणाल्या सिस्टर?” मॅडमनी विचारलं.

“म्हणाली, माझ्याच हातून झालं असणार. स्क्रीनवर अर्धी असणार आणि मीच आख्खी गोळी दिली. आधी ठाम होती हो, एक दिसलं म्हणून. पण परवा तुमच्या त्या काकांनी फोनवर समजावलं ना, तेव्हापासून गप्पच झाली. काल आजींच्या मुलासमोर उभी राहिली आणि माफी मागून आली. औषधाचं काम काढून घेतलंय मी तिच्याकडून. पुढं काय करायचं ते कमिटी सोमवारी ठरवेल.”

“अरेरे,” मॅडम म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं आणि सुटल्यासारखंही वाटत होतं, आणि दोन्ही एका चेहऱ्यावर मावत नव्हतं. फोन ठेवल्यावर कोणीतरी बिस्किटांचा पुडा फोडला.

झालं होतं ते असं. या कंपनीचा प्रोग्रॅम एका हॉस्पिटलच्या औषधांच्या ट्रॉल्यांवर चालायचा. सिस्टर ट्रॉली घेऊन पलंगापाशी आली की ट्रॉलीवरच्या छोट्या स्क्रीनवर त्या पेशंटचं औषध दिसायचं, अमुक गोळी, इतकी. एका वॉर्डात एक आजी होत्या, वजनानं पाखरासारख्या. फिट येऊ नये म्हणून त्यांना डॉक्टरांनी अर्धी गोळी लिहून दिली होती. एरवी कमी ताकदीची लहान गोळीच मिळायची, त्या महिन्यात ती संपली, म्हणून मोठी गोळी अर्धी करून द्यायची होती. ती आख्खी दिली गेली, दिवसातून दोनदा, चांगले आठवडाभर, आणि त्या आठवड्यात दोन्ही वेळच्या गोळ्या एकाच सिस्टरकडे होत्या. आजी झोपल्या त्या उठेचनात. मुलानं गावोगावच्या बहिणींना बोलावून घेतलं. मग डॉक्टरांनी काही दिवस गोळ्या थांबवल्या आणि हळूहळू आजी जाग्या झाल्या, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

कॉम्प्युटरातल्या नोंदीत अर्धी होती. गोळ्यांच्या पाकिटातून आख्ख्या गेल्या होत्या. सिस्टर म्हणत होत्या, मला स्क्रीनवर एक दिसला. तेव्हा मॅडमनी फोन काकांपुढं सरकवला होता आणि काका आपल्या शांत, भारदस्त आवाजात म्हणाले होते, “तसं होणं शक्यच नाही, सिस्टर. त्याची टेस्ट आहे आमच्याकडे. रोज चालते. रोज हिरवी येते.”

हिरवे हे काकांचं आडनाव नव्हे. प्रोग्रॅम नीट चालतो की नाही हे तपासणारे छोटे छोटे प्रोग्रॅम लिहायचे, हे त्यांचं काम. त्यांनाच तिथं टेस्ट म्हणतात. टेस्ट पास झाली की स्क्रीनवर हिरवी खूण येते, नापास झाली की लाल. काकांच्या स्क्रीनवर सदानकदा हिरवळ, म्हणून पोरांनी त्यांना हिरवेकाका करून टाकलं. नोकरीवर नव्यानं आलेल्या एका मुलीनं तर त्यांच्या ओळखपत्रावर चक्क ‘हिरवे’ छापून आणलं होतं. सगळे पोट धरून हसले, आणि काकांनी ते कार्ड बदलून घेतलं नाही. आवडलं होतं त्यांना ते, उगाच कशाला नाही म्हणा.

दुपारी मॅडम त्यांच्या टेबलापाशी आल्या. “काका, हॉस्पिटलला एक रिपोर्ट पाठवून देऊ आणि विषय संपवू. गोळ्यांच्या भागातल्या टेस्टचा एक फोटो काढून द्या ना स्क्रीनचा. सगळं हिरवं दिसेल असा.”

“आत्ता देतो,” काका म्हणाले.

त्यांनी गोळ्यांच्या भागाच्या टेस्ट चालवल्या. सगळ्या हिरव्या आल्या. आता फोटो काढायचा, एवढंच राहिलं होतं. पण काका कडी लावली तरी ओढून बघणाऱ्यांतले. म्हणाले, नुसत्या खुणा काय पाठवायच्या, अर्ध्या गोळीची टेस्टही उघडून दाखवू, म्हणजे सिस्टरांच्या कमिटीलाही समजेल. त्यांनी ती फाइल उघडली.

टेस्टमधल्या वाक्याला दोन भाग असतात. पहिल्या भागात सांगायचं की कशाकडे बघायचं. दुसऱ्या भागात सांगायचं की तिथं काय असायला हवं. या दुसऱ्या भागाला ते लोक मॅचर म्हणतात. मॅचर कडक असतो, सैल असतो. ‘बरोबर एवढंच हवं’ म्हणणारा असतो, ‘काहीतरी आलं ना, मग झालं’ म्हणणाराही असतो. काका नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. काहीतरी आलं यावर समाधान मानू नका, काय आलं ते विचारा.

अर्ध्या गोळीच्या टेस्टमध्ये वाक्याचा पहिला भाग होता. स्क्रीनवरच्या मजकुराकडे बघ. आणि पुढं काही नव्हतंच. सैल नाही, कडक नाही, मॅचरच नव्हता. दारावर माणूस बसवावा, त्याला म्हणावं येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत जा, आणि अडवायचं कोणाला ते सांगूच नये, तसं. तो बिचारा रोज बघत होता आणि रोज हिरवी खूण करत होता.

ही टेस्ट कोणी लिहिली ते शोधावं लागलं नाही. काकांना तो दिवस लख्ख आठवला.

दुसऱ्या दिवशी कंपनीत मोठे पाहुणे येणार होते आणि मॅडमना त्यांना हजार टेस्ट दाखवायच्या होत्या. हजाराला थोड्याच कमी पडत होत्या. केक आधीच सांगून ठेवला होता, त्यावर साखरेत हजारचा आकडासुद्धा. संध्याकाळी काकांनी भराभर काही टेस्ट लिहिल्या. अर्ध्या गोळीची लिहिताना अडले. स्क्रीनवर अर्धी कशी दाखवायची हेच ठरलेलं नव्हतं, दशांशात, अपूर्णांकात की अक्षरात. वॉर्डातल्या कोणाला तरी विचारायला हवं होतं. उद्या विचारू, म्हणून काकांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं आणि सहज टेस्ट चालवून पाहिली. हिरवी आली. आकडा हजार झाला.

दुसऱ्या दिवशी केक कापला. कोणाच्या हातून, तर काकांच्या. टाळ्या झाल्या. तो फोटो अजून पाण्याच्या फिल्टरशेजारी भिंतीवर होता, काकांच्या मिशीला क्रीम लागलेला. आणि हिरवं ते हिरवं, हिरव्याकडे कोण वळून बघतो? विचारायचं राहून गेलं ते गेलंच.

काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि वाक्याचा दुसरा भाग लिहिला, ‘अर्धी’ असं दिसायला हवं. टेस्ट चालवली. लाल. खाली मशीननं निमूटपणे लिहिलं होतं, अपेक्षा होती ‘अर्धी’ची, मिळाला ‘१’.

स्क्रीन लहान, म्हणून दशांश छाटून जवळचा पूर्ण आकडा दाखवणारी एक ओळ प्रोग्रॅममध्ये कोणीतरी घालून ठेवली होती. बरोबर अर्धा असला की ती वरचा आकडा घ्यायची, म्हणजे एक. सिस्टरांना एक दिसला होता, कारण तिथं एकच होता.

“काका, झालं का?” मॅडमनी काचेपलीकडून विचारलं.

यानंतर काकांनी जे केलं ते त्यांनी पुढं स्वतःलाही कधी नीट समजावता आलं नाही. त्यांनी नुकताच लिहिलेला दुसरा भाग पुसून टाकला. टेस्ट पुन्हा चालवली. हिरवी आली. फाइल बंद केली, फोटो काढला आणि पाठवला. मॅडमनी काचेमागूनच अंगठा वर करून दाखवला.

नाही म्हणायला एवढं मात्र त्यांनी बघून घेतलं की वॉर्डात आता धोका नाही. त्या प्रकारानंतर डॉक्टरांनी अर्ध्या गोळ्या स्क्रीनवर न बघता पलंगापाशी पाटीवर लिहायला सांगितल्या होत्या आणि देताना दोघींनी बघायचं असा नियम केला होता. म्हणजे कोणाच्या जिवाला काही होणार नव्हतं. जायचं ते फक्त एका बाईचं नाव जाणार होतं. हा विचार मनात आला आणि काकांना स्वतःची किळस आली. ‘फक्त’ म्हणे.

घरी पोहोचले तेव्हा दार उघडंच होतं आणि बायको बहिणीशी फोनवर बोलत होती. “आमच्या ह्यांचं म्हणशील तर, कडी लावली तरी तीनदा ओढून बघतील. बाहेर पडताना मला आधी वैताग यायचा. पण त्यामुळंच तर ऑफिसात भरवसा टाकतात गं त्यांच्यावर.”

काका चपला काढता काढता तिथंच थांबले.

जेवण कसंबसं उरकलं. बायकोनं रोजच्यासारखी त्यांच्या तळहातावर रक्तदाबाची गोळी ठेवली. काका गोळीकडे बघत बसले.

“काय बघताय? विष नाही घातलेलं.”

“एकच आहे ना?”

“मग किती हव्यात? डॉक्टरांनी एक सांगितली, एक दिली. आता म्हातारपणी माझ्यावर संशय का?”

“तुझ्यावर नाही गं.”

“मग कोणावर?” ती समोर बसली. “काय झालंय? तोंड एवढंसं करून बसलाय मघापासून.”

“ऑफिसच्या कामात एका बाईवर आळ आलाय.”

“मग? केलंय का तिनं?”

“नाही.”

“तुम्हाला पक्कं माहितीये?”

“हो.”

“मग सांगून टाका की! त्यात एवढं काय जेवण सोडण्यासारखं?” असं म्हणून तिनं ताटं उचलली आणि आत गेली. नळ सुरू झाला. ती काही चुकीचं बोलली नव्हती. काकांनीच तिला अर्धं सांगितलं होतं, आणि राहिलेलं अर्धं त्यांच्या तोंडातून निघेना. त्यांनी पाण्याबरोबर गोळी गिळून टाकली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. ट्रॉली बघायला जातो, असं घरी सांगून काका हॉस्पिटलात गेले. स्वतःलाही त्यांनी तेच सांगितलं होतं. ट्रॉली बघू, स्क्रीन बघू, मग बघू. मेट्रनबाई राउंडवर होत्या. वॉर्डाच्या टोकाला धुऊन आलेल्या चादरींची खोली होती, तिथं सिस्टर आहेत असं कोणीतरी सांगितलं, आणि काकांचे पाय त्यांना न विचारता तिकडे वळले.

सिस्टर पन्नाशीच्या, आडव्या बांध्याच्या, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. चादरींच्या घड्या घालत होत्या. इतकी वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या बाईला आता चादरींशिवाय कशाला हात लावायची मुभा नव्हती.

“कोण हवंय?”

“मी... ते ट्रॉलीचा प्रोग्रॅम आहे ना, त्या कंपनीतून आलोय. ट्रॉली जरा बघायची होती.”

सिस्टरांनी हातातली चादर खाली ठेवली. “तुम्ही फोनवरचे काका ना? आवाज ओळखला मी.” आणि त्या उठून, वर्गात उभं केलेल्या मुलीसारखे दोन्ही हात पुढं बांधून उभ्या राहिल्या. “मी मेट्रनबाईंना सगळं सांगितलंय. तुम्हाला परत ऐकायचं असेल तर परत सांगते.”

“नाही, नाही. बसा तुम्ही, बसा.”

“तुमचं काही चुकलं नाही हो. तुम्ही चांगल्या शब्दांत सांगितलंत, मला राग नाही. मी घरी गेल्यावर विचार केला. तिकडे एवढी शिकलेली माणसं, हजार वेळा तपासलेलं मशीन. आणि इकडे मी एकटी, ड्यूटी संपत आलेली, पाय सुजलेले. मग चुकलं कोण असणार?” त्या हसल्यासारखं करून थांबल्या. “खरं सांगू का, मला अजून तो आकडा दिसतो. एक. स्वच्छ दिसतो. पण नसलेलं दिसायला लागलंय म्हटलं. माझ्या आईचं शेवटी असंच झालं होतं, नसलेलं दिसायचं तिला. मुलीला सांगून ठेवलंय मी, गॅस मी बंद केला तरी मागनं तू एकदा बघत जा.”

काकांना वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. एका बाईनं चूक अंगावर घेतली, एवढंच त्यांना ठाऊक होतं. तिनं आपल्या डोळ्यांवरचा विश्वासच सोडून दिला, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. आणि तो सोडायला लावला तो त्यांच्या त्या शांत, भारदस्त आवाजानं.

“सिस्टर,” ते म्हणाले, “एकच होता.”

“काय?”

“आकडा. स्क्रीनवर एकच होता. तुम्ही वाचलंत ते बरोबर वाचलंत.”

“आणि तुम्ही म्हणालात ती टेस्ट?”

“ती मीच लिहिलीये. अर्धीच लिहिली. स्क्रीनकडे बघ म्हणून सांगितलं, काय दिसायला हवं ते सांगायचं सोडूनच दिलं. त्यामुळं काहीही दिसलं तरी ती पास व्हायची.”

“सोडून का दिलं?”

आता थांबणं काकांच्या हातात राहिलं नव्हतं. “हजार भरायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी केक होता.”

“केक,” सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, असता तर काकांना बरं वाटलं असतं. “हे तुम्हाला कधी कळलं?”

या प्रश्नालाच काका भीत होते. “काल. दुपारी.”

“काल दुपारी कळलं, आणि तुम्ही आज येताय.”

“काल मी सगळं बरोबर आहे म्हणून फोटो पाठवला, सिस्टर. माहीत असून पाठवला.”

खोलीत धुतलेल्या कापडांचा वास होता. सिस्टरांनी चादर उचलली, घडी घालायला गेल्या, टोकाला टोक जुळेना. दोनदा करून बघितलं आणि चादर तशीच मांडीवर टाकून बसल्या. हाताची पाठ, तळवा, पुन्हा पाठ, असं त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे मला वेड नाही लागलेलं.”

“नाही हो.”

“मी इतके दिवस...” त्यांनी डोळे पुसले आणि उभ्या राहिल्या. “हे मला सांगून काय उपयोग? मी जिथं उभी राहून सांगितलं ना, तिथं जाऊन सांगा.”

जाताना काकांनी व्हरांड्यातून मॅडमना फोन लावला. “मॅडम, काल पाठवलेला फोटो खोटा आहे. स्क्रीनवर एकच दिसत होता. टेस्ट माझी होती.”

“काका, तुम्ही कुठं आहात?”

“हॉस्पिटलात.”

“तिथं कोणाशी काही बोलू नका. मी येते, आपण नीट ठरवू काय सांगायचं ते. ऐकताय ना? काका?”

“अर्धं बोलून झालंय, मॅडम,” काका म्हणाले. “राहिलेलं आत्ता बोलतो.” आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मॅडमचं बोलणं संपायच्या आत फोन ठेवला. शूर वगैरे काही वाटत नव्हतं, पळून जावंसं वाटत होतं.

आजी उशीला टेकून बसल्या होत्या. शेजारी मुलगा, गॅरेजातला माणूस, नखांत काळं तेल बसलेलं. सिस्टरांनी मेट्रनबाईंना बोलावून आणलं आणि स्वतः भिंतीकडेला उभ्या राहिल्या. काकांनी सांगितलं. नीट सांगता आलं नाही, मध्येच अडखळले, केकचं सांगितलं, फोटोचं सांगितलं, कारण ते गाळलं असतं तर पुन्हा वाक्य अर्धंच राहिलं असतं.

मुलगा त्यांच्या अंगावर धावून येईल असं त्यांना वाटलं होतं. तो आधी सिस्टरांकडेच वळला. “मग तुम्ही कशाला माफी मागितलीत? आणि मी काय वाट्टेल ते बोललो तुम्हाला!” मग तो काकांना म्हणाला, “आईचा चष्मा आम्ही कपाटात ठेवून दिला होता. आता लागणार नाही म्हणून. समजलं?”

“समजलं,” काका म्हणाले. त्याहून जास्त बोलण्याची त्यांची लायकी उरली नव्हती.

“कोण आहे रे हा?” आजींनी विचारलं.

“औषधाच्या मशीनवाला आहे, आई.”

“मग त्याला म्हणावं, ती गोळी कडू लागते. तेवढं बघ.”

मेट्रनबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला. “हे कमिटीपुढं सोमवारी सांगाल?”

“सांगेन.”

“लिहूनही द्याल?”

“देईन. आणि...” काकांनी सिस्टरांकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांनी केकच्या आदल्या संध्याकाळी विचारायला हवा होता. “सिस्टर, स्क्रीनवर अर्धी कशी लिहावी? आकड्यात की अक्षरात?”

सिस्टरांनी क्षणभर विचार केला. “अक्षरात लिहा. मोठ्या अक्षरात. ट्रॉली हलत असते.”

काकांनी मान डोलावली, पण या खेपेला मान खालीच राहिली.

दुपारच्या गोळ्यांची वेळ झाली होती. मेट्रनबाई सिस्टरांना म्हणाल्या, “जा, हात धुऊन ये. ट्रॉली तूच घे.” सिस्टर गेल्या, बराच वेळ हात धूत राहिल्या, मग ट्रॉली घेऊन आल्या. ट्रॉलीवरची स्क्रीन कोणीतरी पांढऱ्या पट्टीनं झाकली होती. पलंगाच्या पायथ्याशी पाटीवर खडूनं लिहिलं होतं, अर्धी.

मुलगा उठून बाजूला झाला. सिस्टरांनी पाकिटातून गोळी काढली, स्टीलच्या ताटलीत ठेवली आणि सुरी टेकवली. गोळी एका बाजूला मोठी, एका बाजूला चुरा, अशी फुटली. सिस्टर तिच्याकडे बघत राहिल्या. सिस्टरांनी ती बाजूला सारली, दुसरी काढली. या वेळी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि सुरी दाबली. मधोमध तुटली.

“आधी हिला हे बघावंही लागायचं नाही,” मेट्रनबाई हळूच म्हणाल्या. कोणाला उद्देशून ते कळलं नाही, पण काकांना लागायचं तिथं लागलं.

सिस्टरांनी अर्धी गोळी तळहातावर घेतली. काका अगदी जवळ उभे होते, म्हणून की काय, त्यांनी हात त्यांच्यापुढं धरला.

“बरोबर आहे ना?”

काकांनी चष्मा सारखा केला. पाटीवरचा शब्द वाचला. मग वाकून गोळी पाहिली, तुटलेली कड पाहिली, ताटलीतला दुसरा तुकडा पाहिला, आणि म्हणाले, “बरोबर आहे, सिस्टर.”

सिस्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग तळहात तसाच उघडा धरून त्या वळल्या आणि त्यांनी मेट्रनबाईंना विचारलं, “अर्धीच आहे ना हो?”